दंडात गेली, पण वहीत आली का?

परवा आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मास्तरांच्या, शिक्षण परिषदेत लसीवरून जो वाद झाला तो डोक्यातून जाईना म्हणून हे लिहायला बसलोय. विषय असा निघाला की पहिलीला आणि पाचवीला प्रवेश देताना लसीकरणाचं कार्ड सक्तीचं करावं का. अर्धे म्हणले करा, कार्ड नाही तर प्रवेश नाही, मग बघा पालक कसे उपकेंद्राकडं पळतेत. बाकीचे म्हणले लस घ्यायची का नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, शाळेनं त्यात पडायचं काम नाही. तासभर हेच चाललं, आवाज चढले, चहा गार झाला. दोन्हीकडं बोलणारी माणसं चांगली, पोरांची काळजी असलेली, पण दोघंही एक गोष्ट धरूनच चालले होते की कुठल्या पोराला कुठली लस मिळाली हे कुठंतरी लिहिलेलं आहे आणि प्रश्न फक्त ते दाखवायला लावायचं का नाही एवढाच आहे. तसं ते लिहिलेलंच नाही. मी पंधरा वर्षांपासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतोय, माझ्या वर्गातल्या पोराचा आधार नंबर, बँक खातं, जात, गणवेशाचं माप सगळं माझ्याकडं आहे, आणि त्याला पाच वर्षांचा बूस्टर मिळाला का हे मला सांगता येत नाही. उपकेंद्रालाही येत नाही, तालुक्यातल्या खासगी डॉक्टरलाही येत नाही. जे कुणालाच माहीत नाही ते सक्तीचं कसं करणार?

माझं म्हणणं सरळ आहे. सक्ती हवी का नको हे भांडण थोडं बाजूला ठेवा. आधी शाळकरी पोरांच्या लसीची मागणी पोरांच्या नावाच्या यादीवरून निघाली पाहिजे, आणि दिलेला प्रत्येक डोस, मग तो उपकेंद्रात दिलेला असो, शाळेच्या व्हरांड्यात असो नाहीतर खासगी दवाखान्यात, त्या पोराच्या नावावर तारीख आणि बॅच नंबरासकट एकाच ठिकाणी चढला पाहिजे. आणि ह्या दोन गोष्टी एकमेकांला बांधलेल्या पाहिजेत, म्हणजे मागच्या डोसचा हिशोब आल्याशिवाय पुढचा माल नाही. हे न करता नुसती सक्ती आणली तर ती गरिबाच्या पोरावर बसेल आणि रोग आहे तिथंच राहील.

एक प्रसंग सांगतो. सप्टेंबरच्या शेवटी आमच्या शाळेत टीडीचा दिवस होता. टीडी म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायची लस, आधी जिथं नुसतं धनुर्वाताचं टीटी असायचं तिथं आता ही देतेत. सिस्टर निळा कॅरिअर घेऊन आल्या, आत बर्फाचे चार पॅक, मधे पिशवीत बाटल्या. त्यांनी मला बाटलीवरचं ते बारकं चिन्ह दाखवलं, गोलात चौकोन असतो, चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चालते, गोलाएवढा गडद झाला की बाटली टाकून द्यायची. त्यांचं काम चोख. पण त्यांच्या कागदावर आमच्या गावच्या दहा वर्षांच्या पोरांचं टार्गेट होतं १९, म्हणून त्यांनी दोन बाटल्या आणल्या होत्या, म्हणजे वीस डोस. माझ्या पाचवीच्या पटावर पोरं ३४. का, तर शेजारचा तांडा आणि एक वस्ती आरोग्याच्या हिशोबात दुसऱ्या उपकेंद्राकडं आहे आणि शाळेच्या हिशोबात माझ्याकडं. त्या दिवशी तिघं गैरहजर, हजर ३१. सहा जणांचे आईबाप म्हणले आम्ही खासगीत टोचून घेतलंय. कागद एकाकडंही नाही. एका पोराची आई पदर सावरत म्हणली, "सर, दवाखान्यात सुई दिली होती की ह्याला, पण कशाची ते आपल्याला काय कळतं, पत्र्यावरून पडला होता तवा दिली." ती टीटी होती, टीडी होती का नुसतं दुखणं थांबायचं इंजेक्शन, कुणाला ठाऊक? राहिले पंचवीस. वीस जणांला लस मिळाली, पाच जण तसेच वर्गात परत गेले.

आता वर रिपोर्ट काय गेला ते बघा. टार्गेट १९, दिले २०. म्हणजे शंभर टक्क्यांच्या वर काम! आणि माझ्यासमोर पाच पोरं बिनलसीची, सहांचं माहीत नाही आणि तीन आलीच नाहीत. सिस्टर खोटं बोलल्या का? अजिबात नाही, एकही आकडा खोटा नाही. आकडा पोराचा नव्हता, बाटलीचा होता, एवढंच. त्या पाचांतले तिघं दसरा झाल्यावर आईबापाबरोबर ऊसतोडीला कारखान्याला गेले. आमचा भाग बालाघाटावरचा, घरटी कोयता आहे, हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको.

गंमत नाही, खरं दुःख हे आहे की यंत्रणा नाही असं नाहीच. लसीचा माल पुण्याच्या राज्याच्या भांडारातून विभागाला, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून आरोग्य केंद्राच्या आयएलआर म्हणजे लसीच्या खास फ्रिजपर्यंत येतो, दोन ते आठ डिग्रीच्या आत. ई-विन नावाची प्रणाली आहे, तिच्यात कुठल्या केंद्रावर किती बाटल्या आहेत आणि फ्रिजचं तापमान किती हे दिसतं. यू-विन आलंय, त्यात गरोदर बायांची आणि १७ वर्षांपर्यंतच्या पोरांची नावानिशी नोंद व्हावी असं ठरलंय. आणि शिक्षण खात्याकडं सरल आणि यू-डायस आहे, त्यात प्रत्येक पोराची जन्मतारीख आम्हीच रात्री जागून भरलीय. म्हणजे एकाला बाटली माहीत, एकाला बाळ माहीत, एकाला वर्ग माहीत. पण खाली गावात ह्या तिघांची गाठ पडत नाही. तान्ह्या बाळाचं अजून बरं आहे, आशाताई घरी जाते, ड्यू लिस्ट, म्हणजे कुणाचा डोस राहिलाय ती यादी, काढते, पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) झाला का गोवर-रुबेला झाला का विचारते. पोरगं शाळेत आलं की ते त्या यादीतून निसटतं, आणि शाळेच्या यादीत लसीचा रकानाच नसतो. पहिलीच्या वयाचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर, पाचवीतली टीडी, दहावीतली टीडी, हे तिन्ही डोस असे मधल्या खड्ड्यात पडतेत. सोळाव्या वर्षाचं तर बोलायलाच नको, तोवर पोरगं आयटीआयला, ज्युनिअर कॉलेजला नाहीतर पुण्याला कंपनीत. आणि पोरगी? आपल्याकडं किती पोरींची दहा वर्षांनंतरची टीडीची पुढची नोंद एकदम गरोदर मातेच्या रजिस्टरात सापडते, हे कुठल्याही सिस्टरला खाजगीत विचारून बघा.

खासगी दवाखान्याची गोष्ट वेगळी. तिथं कोणी आळशी आहे असं मी म्हणत नाही. तालुक्याचा बालरोगतज्ज्ञ कार्डावर लसीचं स्टिकर चिकटवतो, बॅच नंबर लिहितो, सही करतो, ते काम नेटकं असतं. पण तो माल मागवतो स्टॉकिस्टकडून, आणि मागवतो किती, तर पालकांनी विचारलं तेवढा. पाचवीतल्या पोराला टीडॅप (टीडीतच डांग्या खोकल्याची भर घातलेली लस) द्यायची म्हणून एक बाप गेला तर "आज नाही, मागवून ठेवतो, परवा या" असं होतं, दोष डॉक्टरचा नाही, एक डोस एक्स्पायर झाला तर हजार-दीड हजार त्याच्या खिशातून जातेत. माल थर्माकोलच्या डब्यात येतो, उन्हाळ्यात, लाईट गेलेली असताना. बाप परवा येत नाही, त्याचा रोज बुडतो. आणि ज्यांनी घेतली त्यांची नोंद राहते त्या कार्डावर, कार्ड राहतं पत्र्याच्या पेटीत, आणि घर गळतं. त्या डॉक्टरनं दिलेला डोस सरकारच्या हिशोबात कुठंच नाही, म्हणून सरकार त्याच पोरासाठी परत एक डोस धरतं नाहीतर धरतच नाही. दोन्हीकडून चुकतं.

हे बांधता येतं का? येतं, आणि परदेशातलंच उदाहरण द्यायचं तर अमेरिकेचं बघा. १९८९ ते १९९१ मध्ये तिथं गोवराची मोठी साथ आली, ५५ हजारांवर लोकांला झाला, त्यात बिनलसीची गरिबाची पोरं फार होती. त्यानंतर १९९३ ला कायदा झाला आणि १९९४ पासून गरीब पोरांसाठी सरकार लस विकत घेऊन खासगी दवाखान्यालासुद्धा फुकट द्यायला लागलं. पण फुकट म्हणजे बिनहिशोबी नाही. दवाखान्यानं मागणी राज्याच्या यंत्रणेतून करायची, फ्रिजचं तापमान लिहायचं, आलेला माल कुठल्या पोरांला गेला ह्याचा हिशोब ठेवायचा. तिथं शाळेत लस सक्तीची आहे हे खरं, आपले सक्तीवाले तेवढंच सांगतेत. त्या सक्तीच्या खाली हा हिशोबाचा पाया आहे हे कोणी सांगत नाही.

आणि अमेरिका कशाला, आपण स्वतः हे केलंय की! १ जुलै २०२१ पासून खासगी दवाखान्याला कोविडची लस कंपनीकडून परस्पर घेता येत नव्हती, मागणी कोविनवरच टाकायची, आणि आधी किती वापरली त्या हिशोबानं किती मागता येईल ह्याला मर्यादा होती. दिलेला डोस त्याच दिवशी माणसाच्या नावावर चढायचा. ३ जानेवारी २०२२ ला १५ ते १८ वर्षांच्या पोरांचं सुरू झालं तेव्हा आमच्या हायस्कूलच्या वर्गात बसून ते झालं, सर्व्हर डाऊन व्हायचा, रेंजसाठी ऑपरेटर गच्चीवर जायचा, तरी झालं. बीडला झालं, हिंगोलीला झालं, तांड्यावर झालं. मग धनुर्वाताच्या लसीला ते जमत नाही हे मी कसं मानू?

आता सक्तीवाल्यांचा मुद्दा. तो पोकळ नाही. धाक असला की माणूस हलतो हे आपण पाहिलंय. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात आदेश निघाला होता की किमान एक डोस नसेल तर किराणा, पेट्रोल, गॅस मिळणार नाही, आणि लोक रांगेत आले, ते मी नाकारत नाही. पण त्याच काळात खोट्या सर्टिफिकेटच्या बातम्याही आपण वाचल्या. धाकाला कागद लागतो, आणि कागद ज्याला परवडतो त्याला मिळतो. पहिलीच्या दाखल्याला कार्ड लावलं तर पहिल्या दिवशी दारात कोण अडकेल? ज्याचे आईबाप सहा महिने फडात असतेत तो. शिक्षण हक्क कायद्यानं, २००९ च्या, वयाचा पुरावा नाही म्हणूनसुद्धा पोराला प्रवेश नाकारता येत नाही असं कलम १४ मध्ये लिहून ठेवलंय, ते उगाच नाही. कागदापायी पोरगं दाराबाहेर राहू नये म्हणून तो कायदा झगडून आला, आणि आता आपणच मास्तर लोक नवा कागद मागायचा म्हणतोय?

आणि इतिहास काय सांगतो? देवीची लस ब्रिटिश मुलखातल्या काही नगरपालिकांत आणि छावण्यांत सक्तीची करणारा कायदा १८८० चा आहे (आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, ते सोडा). कायदा होता, दंड होता, टोचणारा आला की बाया पोरं घेऊन शेतात लपायच्या. त्यानंतर ९५ वर्षं देवी ह्या देशात राहिली. ती गेली कशी? १९७० च्या दशकात पद्धत बदलली तेव्हा. सगळ्यांला सरसकट टोचत बसण्यापेक्षा घरोघर जाऊन देवीच्या रोग्याचं चित्र दाखवायचं, असा रोगी पाहिला का विचारायचं, कळवणाऱ्याला बक्षीस द्यायचं, आणि रोगी सापडला की त्याच्या आसपासच्या प्रत्येकाचं नाव लिहून त्यांला टोचायचं. १९७५ च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. लस तीच होती. बदलली ती नोंद. ज्याला आपण कारकुनी म्हणून नाक मुरडतो तिनं देवी घालवली. उलट २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला, मालेगावला, भिवंडीला गोवर पसरला तेव्हा पहिलं काम काय करावं लागलं? दारोदार फिरून कुठल्या लेकराला किती डोस झालेत हे विचारत बसावं लागलं. साथ दारात आल्यावर यादी करायची, हे घर पेटल्यावर विहीर खणायला घेण्यासारखं आहे.

दुसरा मुद्दा डॉक्टर मंडळींचा, आणि तो मला जास्त खरा वाटतो. एकटा डॉक्टर, एक कंपाउंडर, ओपीडीत सत्तर पेशंट, त्यानं परत पोर्टल भरायचं? आणि भरलं तर उद्या काही झालं की नोटीस त्यालाच. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर म्हणले, "सर, लिहिलेलं माणसाला अडकवतं." कामाच्या भाराचं मान्य, म्हणून नोंद आणि मागणी एकच ठेवा म्हणतोय, दोनदा भरायला लावू नका, डोसची नोंद केली की साठा आपोआप कमी व्हावा आणि पुढची मागणी त्यातूनच निघावी. पण लिहिलेलं अडकवतं हे मला पटत नाही. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबात मुल्कोवाल गावात प्लेगची लस टोचलेल्या १०७ जणांतले १९ जण धनुर्वातानं मेले. लस मुंबईच्या परळच्या प्रयोगशाळेची, ती लस शोधणाऱ्या हाफकिन साहेबांची. सगळा ठपका त्यांच्यावर आला, पदावरून काढलं. पण मेलेले एकोणीसच्या एकोणीस एकाच बाटलीचे होते, ५३ एन नंबरची बाटली, हे लिहिलेलं होतं. बाकीच्या बाटल्यांचं कोणी मेलं नव्हतं. ती बाटली उघडताना चिमटा खाली पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे चौकशीच्या कागदातच होतं. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. बाटलीचा नंबर आणि टोचलेल्यांची नावं लिहिलेली नसती तर? तो माणूस खुनी म्हणून गेला असता आणि लसीवरचा लोकांचा विश्वासही गेला असता. आज शाळेत एखादं पोरगं सुई घेतल्यावर चक्कर येऊन पडलं तर गावात अर्ध्या तासात अफवा उठते, आणि त्या वेळी डॉक्टरला आणि सिस्टरला वाचवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे कुठल्या बॅचची, किती वाजता, कुणी, किती जणांला दिली आणि बाकीचे ठीक आहेत का, हा कागद.

तिसरा मुद्दा पालकांचा. आमच्या पोरांची माहिती तुम्ही कुठं पाठवणार? हा प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी म्हणणं सोडून द्या. जून २०२३ मध्ये कोविनवरची माहिती टेलिग्रामवर मिळायली अशा बातम्या आल्याच होत्या. आणि संमतीचं तर फार जवळचं उदाहरण आहे. २००९-१० ला खम्ममला, म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानातलाच आपला शेजार, हजारो मुलींला एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरची, लस एका अभ्यासासाठी दिली. पुढं संमतीचे फॉर्म तपासले तर अडीच हजारांहून जास्त फॉर्मवर आईबापाच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनची सही. काही मुलींचे मृत्यू लसीमुळं नव्हते असंच चौकशीत निघालं, पण एप्रिल २०१० ला काम थांबवावं लागलं, आणि त्या लसीवरचा संशय देशात कितीतरी वर्षं राहिला. लस चांगली असूनही. म्हणून यादी करा पण आईबापाला विचारून, आणि त्यात लसीपुरतंच लिहा, जात नको, उत्पन्न नको, बँक नको. आणि नाही म्हणणाऱ्याचं नाही सुद्धा लिहा, म्हणजे सिस्टरला कळेल कुणाच्या घरी जाऊन बसायचंय, समजून सांगायचंय.

राहिले आम्ही मास्तर. अजून एक रजिस्टर म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो, निवडणूक, सर्व्हे, पोषण आहार, रोजचे फोटो. माझी मागणी रजिस्टर वाढवायची नाहीच. पटाची यादी जन्मतारखेसकट आमच्याकडं तयार आहे, ती जूनमध्ये आरोग्य केंद्राला द्या आणि टार्गेट त्यावरून काढा, अंदाजानं नाही. पोरं शाळेत ज्या उपकेंद्राच्या हद्दीत बसतेत त्यानं त्यांची लस मागवावी, तांडा कुणाचा हे भांडण पोरांच्या डोक्यावर नको. ज्यांचं खासगीत झालं त्यांचं त्या दवाखान्यानं यू-विनवर चढवावं, नसेल चढवलं तर पोराची आई फोन नंबर घेऊन गेली की पाच मिनिटांत चढवून द्यावं. आणि ज्याचं काहीच सापडत नाही त्याला झालीच नाही असं धरून द्यावी, टीडीचा एक डोस जास्त झाला तर बहुतेक वेळा नुसता हात दुखतो, पण घटसर्प झालेलं पोर माझ्या आजोबांनी पाहिलं होतं, श्वास अडकून गेलेलं, त्यांची सख्खी बहीण.

आणि हे सगळं दसऱ्याच्या आत. आमच्याकडं टीडीचा दिवस ऑक्टोबरात ठेवून उपयोग नाही, गणपतीच्या आधी घ्या, कारण उचल घेतलेली माणसं तारीख बदलत नाहीत, मुकादमाची गाडी आली की निघावंच लागतं. काही पोरं हंगामी वसतिगृहात राहतेत, ती सापडतेत. जी जातेत त्यांचं नाव त्या कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला दिसलं पाहिजे, मग ते सांगली असो का कर्नाटकात बेळगाव, की ह्याचा पाचवीचा डोस राहिलाय.

त्या पाचांतले जे तीन गेले त्यांची नावं मी माझ्या टाचणवहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलीत. एकजण एप्रिलमध्ये परत आला, त्याला सिस्टरनी लस दिली. एकजण मे मध्ये आला, त्याची आई म्हणली तिकडं दवाखान्यात कायतरी टोचलंय, कागद नाही. तिसरी मुलगी होती. ती अजून आली नाही.